तज्ज्ञांची पळवापळवी



वर्तमानपत्र नियमाने वाचणाऱ्या घरांत गेल्या दोन-तीन वर्षांत एका वार्तेने पुष्कळ नवल उत्पन्न केले आहे. अमेरिकेतील एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या पदरचा एक तरुण संशोधक फोडला, आणि त्याला जे वेतन देऊ केले त्याची रुपयांत गणना करता आकडा कोटींच्या, क्वचित शेकडो कोटींच्या घरात जाऊन पोहोचला, अशी ती वार्ता असते. हा संशोधक कारखान्याचा मालक नसतो, चित्रपटातील नट नसतो, क्रिकेटपटूही नसतो. यंत्राला शिकविण्याची, म्हणजे जिला आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो ती घडविण्याची विद्या त्याला अवगत असते, एवढेच. वार्ता वाचून घरातील वडील म्हणतात, ‘काय हा पैशाचा माज!’ आणि त्याच घरातील बारावीतला मुलगा मनाशी म्हणतो, ‘आपणही हेच शिकावे.’ दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. परंतु हा बाजार भरतो कसा, त्यात माल कोणता आणि भाव कशाचा, हे समजून घेतल्याखेरीज दोघांपैकी कोणालाही योग्य निर्णय करता येणार नाही. तेच आज सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, गुणी माणसासाठी धनवंतांनी आपापसांत चढाओढ करावी ही गोष्ट जगाला नवी नाही. आपल्या जिल्ह्याला तर मुळीच नवी नाही. आज ह्या जिल्ह्याचे व शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण मी ज्या काळाविषयी बोलतो आहे त्या काळी ते अहमदनगर, निजामशाहीची राजधानी होते. सोळाव्या शतकात दक्षिणेत निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही अशी राज्ये शेजारी शेजारी नांदत होती, आणि प्रत्येकाला दुसऱ्याहून मोठी तोफ हवी होती. मोठी तोफ ओतण्याची विद्या मात्र थोड्याच लोकांना ठाऊक होती. त्यांतील कित्येक तुर्कांच्या मुलखातून आलेले असत. त्यांना ‘रूमी’ म्हणत. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत १५४९ साली नगरास जी ‘मलिक-ए-मैदान’ नावाची प्रचंड तोफ ओतली गेली, तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: मुहंमद बिन हसन रूमी. तोफेचे वजन पन्नास टनांहून अधिक आहे. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरकरांनी नेली, आणि आजही विजापूरच्या बुरुजावर पाहावयास मिळते.

तोफ अशी जड असते; तिला हलवावयाचे तर राजकारण, सैन्य आणि जनावरांचे तांडे लागतात. विद्यावान माणसाचे तसे नसते. फरिश्ता हा प्रसिद्ध इतिहासकार प्रथम नगरच्या दरबारी चाकरीस होता. १५८९ साली नगरात बंडाळी माजली आणि परदेशातून आलेल्या लोकांच्या जिवावर बेतली. तेव्हा तो विजापुरास गेला, आणि ज्या इतिहासामुळे त्याचे नाव राहिले तो त्याने इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने लिहिला. नगरकरांची तोफ जावयास राज्य बुडण्याची वेळ यावी लागली. नगरकरांचा इतिहासकार एका वर्षाच्या अंदाधुंदीने गेला. विद्या डोक्यात असते आणि डोके पायांवर चालते. म्हणून विद्येला कोंडून ठेवता येत नाही. आजच्या बाजाराचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. ह्या बाजारातील पहिला मोठा सौदा २०१२ सालच्या डिसेंबरात झाला. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की व इल्या सुत्स्केव्हर, ह्यांनी त्याच वर्षी चित्रे ओळखणाऱ्या यंत्रांच्या एका स्पर्धेत अशी आघाडी मारली की सर्व जाणकार थक्क झाले. इतरांच्या उत्तम यंत्राच्या शंभरांत सव्वीस चुका होत होत्या. ह्यांच्या यंत्राच्या पंधराच झाल्या. लगेच ह्या तिघांनी एक कंपनी काढली. तिच्यापाशी विकावयास कोणतीही वस्तू नव्हती. ही तीन माणसे हीच तिची सारी मालमत्ता. अमेरिकेत टाहो सरोवराच्या काठी शास्त्रज्ञांची परिषद भरली असता हिंटन ह्यांनी हॉटेलातील खोलीत बसून ह्या कंपनीचा लिलाव चालविला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, चीनची बायडू आणि लंडनची डीपमाइंड अशा चौघांनी ईमेलने बोली लावली. बोली ४ कोटी ४० लाख डॉलरांवर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २४० कोटी रुपयांवर गेली, तेव्हा हिंटन ह्यांनी स्वतःच लिलाव थांबविला आणि गूगलला होकार दिला. भाव आणखी चढला असता. परंतु आपले काम कोठे नीट चालेल, ह्याचा विचार त्यांनी पैशाच्या वर ठेवला. ह्याच हिंटन ह्यांना पुढे २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एवढी किंमत का? ह्याचे उत्तर ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला सहज कळेल. काहिलीत रस उकळत असतो. ऊस शेतकऱ्याचा, बैल किंवा इंजिन कोणाचे तरी, जाळ घालणारा निराळा, मळी काढणारा निराळा. परंतु ह्या सर्वांचा शेवट एका माणसाच्या हाती असतो. त्याला गुळव्या म्हणतात. रस आटत आला की तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहतो, आणि काहील कोणत्या क्षणी उतरावयाची ते सांगतो. काहील लवकर उतरली तर गूळ चिघळतो, उशिरा उतरली तर करपतो. तो क्षण कोणता, हे गुळव्याला पुस्तकात लिहून देता येत नाही. वर्षानुवर्षे काहिलीपाशी उभे राहून त्याच्या डोळ्यांना आणि बोटांना ते कळलेले असते. म्हणून गुळव्याची मजुरी कितीही वाटली तरी शेतकरी ती देतो. कारण तिच्याशी तुलना करावयाची ती इतर गड्यांच्या मजुरीची नसून काहिलीतील साऱ्या रसाच्या किमतीची असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यातही काहील आहे. मात्र ती फार मोठी आहे. यंत्राला भाषा शिकवावयाची म्हणजे हजारो गणकयंत्रे आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने, अहोरात्र चालवावी लागतात. अफाट मजकूर त्यांतून पुनःपुन्हा जातो, आणि दर खेपेस यंत्रातील अब्जावधी लहान लहान अंक थोडे थोडे बदलत जाऊन त्याचे उत्तर सुधारत जाते. ओपनएआय ह्या कंपनीने आपले ‘जीपीटी-४’ हे यंत्र असे शिकविण्यास १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला, असे तिचे प्रमुख सॅम ऑल्टमन ह्यांनी २०२३ साली सांगितले होते. आता ह्या शिकवणीत मजकूर कोणता घ्यावा, कोणता गाळावा, यंत्राची रचना कशी ठेवावी, शिकण्याची गती किती असावी, मध्येच यंत्र बिघडू लागले तर थांबावे की पुढे जावे, असे शेकडो निर्णय घ्यावे लागतात. एखादा निर्णय चुकला तर ती चूक पुष्कळ उशिरा, बराच पैसा जळाल्यावर उघडकीस येते. एका जाणत्या माणसाने ह्या खर्चातील दहावा हिस्सा वाचविला तरी त्याचे वेतन वसूल होऊन वर शिल्लक राहते. शिवाय ह्या विद्येतील बराच भाग छापून येत नाही. पूर्वी कंपन्या आपले शोध निबंधांतून प्रसिद्ध करीत. पण २०२३ च्या मार्चात जीपीटी-४ चा अहवाल निघाला तेव्हा यंत्र केवढे आहे आणि त्याची रचना कशी आहे, हे त्यात सांगितलेच नव्हते. निबंध बंद झाले की निबंधात काय असते ते ठाऊक असलेल्या माणसाचा भाव वाढतो, हे ओघानेच आले.

ह्या भाववाढीचे एक बोलके उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेले आहे. आज जी भाषायंत्रे जगभर चालतात त्यांचा पाया २०१७ साली गूगलमधील आठ संशोधकांनी लिहिलेल्या एका निबंधाने घातला. त्या आठांत निकी परमार ह्या एक होत्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी ह्या महाविद्यालयात झाले आणि पुढील शिक्षण अमेरिकेत. ह्या आठही जणांनी २०२३ पर्यंत गूगल सोडले. बहुतेकांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. त्यांपैकी नोम शझीर ह्यांनी २०२१ साली गूगल सोडले ते, आपण तयार केलेले संभाषणाचे यंत्र कंपनी लोकांसाठी खुले करीत नाही, ह्या नाराजीने. तीन वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्टात, त्यांना व त्यांच्या काही सहकाऱ्यांना परत आणण्यासाठी गूगलने त्यांच्या नव्या कंपनीशी जो करार केला, त्याची रक्कम सुमारे २७० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. घरचा माणूस नाराज होऊन जाऊ दिला म्हणजे त्याला परत आणणे केवढे महाग पडते, हे ह्यावरून दिसेल.

आता ही माणसे कोणत्या रीतीने मिळविली जातात ते पाहू. पहिली रीत आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांत घरोघर ठाऊक आहे. तिला आपण उचल म्हणतो. हंगामापूर्वी मुकादम ऊसतोडणीच्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो आणि ती रक्कम हंगामभर तोडणी करून फेडावयाची असते. तज्ज्ञालाही नव्या कंपनीत पाऊल टाकताच अशी आगाऊ रक्कम मिळते. मेटा ही कंपनी आमच्या माणसांना दहा दहा कोटी डॉलरांची उचल दाखवीत आहे, असे ऑल्टमन ह्यांनी २०२५ च्या जूनमध्ये जाहीरपणे सांगितले. रुपयांत ही रक्कम सुमारे ८६० कोटी होते. मेटाच्या अधिकाऱ्यांनी ह्यात अतिशयोक्ती असल्याचे व असे प्रस्ताव अगदी थोड्या वरिष्ठ जागांपुरते असल्याचे म्हटले. तेव्हा वर्तमानपत्रातील प्रत्येक आकडा जसाच्या तसा धरू नये, हा एक धडा श्रोत्यांनी येथेच घ्यावा.

दुसरी रीत कंपनीचे भाग देण्याची. हे भाग एकदम हाती येत नाहीत. बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात आणि मध्येच नोकरी सोडणाऱ्याचे उरलेले हप्ते बुडतात. हीसुद्धा एक प्रकारची वेसणच. परंतु ऊसतोड मजुराची वेसण आणि ह्या तज्ज्ञाची वेसण ह्यांत मोठा फरक आहे. मजुराची उचल फिटली नाही तर ती पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसते. तज्ज्ञाचे बुडालेले हप्ते मात्र त्याला नेणारी दुसरी कंपनी आनंदाने भरून देते. ज्याच्याजवळ दुर्मिळ विद्या आहे त्याची दोरी कापावयास कोणी तरी सदैव तयार असतो. ज्याच्याजवळ केवळ श्रम आहेत त्याची दोरी कोणी कापीत नाही.

तिसरी रीत सर्वांत नवी आणि सर्वांत विलक्षण आहे. तीत कंपनी विकत न घेता तिच्यातील माणसे तेवढी घेतात आणि त्या कंपनीच्या विद्येचा वापर करण्याचा परवाना म्हणून मोठी रक्कम मोजतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या मार्चात इन्फ्लेक्शन ह्या कंपनीचे प्रमुख मुस्तफा सुलेमान व तेथील बहुतेक माणसे अशीच घेतली. गूगलने २०२५ च्या जुलैत विंडसर्फ ह्या कंपनीचे प्रमुख वरुण मोहन व निवडक संशोधक घेतले. त्या व्यवहाराची रक्कम सुमारे २४० कोटी डॉलर सांगितली गेली. वाड्यातील कर्ती माणसे गेली आणि भिंती राहिल्या, तशी ह्या कंपन्यांची स्थिती होते. मागे राहिलेल्या नोकरांच्या मनात काय येत असेल, ते सांगावयास नको. कंपनी रीतसर विकत घेतली तर सरकारच्या चौकशीला तोंड द्यावे लागते. ती टाळण्याची ही युक्ती आहे, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे. ब्रिटनमधील स्पर्धा-नियामकाने २०२४ च्या सप्टेंबरात, मायक्रोसॉफ्टचा व्यवहार हा चौकशीस पात्र असे विलीनीकरणच होय, असे ठरविले. मात्र त्यामुळे स्पर्धेला बाध येत नाही, असाही निर्वाळा दिला.

येथे कोणी विचारील, ‘नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असा करार आधीच का लिहून घेत नाहीत?’ प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मनोरंजक आहे. ह्या कंपन्यांपैकी बहुतेक कॅलिफोर्निया प्रांतात आहेत, आणि कोणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यास मज्जाव करणारा करार तेथे १८७२ सालापासून रद्दबातल समजला जातो. आपल्या देशाचा करार कायदाही त्याच १८७२ सालचा. त्याच्या २७ व्या कलमात हेच तत्त्व आहे. हा निव्वळ योगायोग नव्हे. न्यूयॉर्कचे कायदेपंडित डेव्हिड डडली फील्ड ह्यांनी तयार केलेल्या मसुद्याचा आधार दोन्हीकडे घेतला गेला होता. जेथे कायद्याने माणसाला बांधता येत नव्हते तेथे काही बड्या कंपन्यांनी, ‘तुझी माणसे मी घेणार नाही, माझी तू घेऊ नकोस’ असे आपसांत ठरवून पाहिले. अमेरिकन सरकारने २०१० साली त्यांना ह्याबद्दल न्यायालयात खेचले, आणि पुढे नोकरांनी केलेल्या दाव्यात अ‍ॅपल, गूगल, इंटेल व अडोबी ह्यांना ४१ कोटी ५० लाख डॉलर भरून द्यावे लागले. २०१५ साली न्यायालयाने ह्या तडजोडीस मान्यता दिली. तात्पर्य, ही चढाओढ काही अंशी माणसाच्या स्वातंत्र्याचेच फळ आहे. सुतार, शिंपी, शिक्षक असो वा संशोधक, जेथे आपल्या गुणाचे चीज होईल तेथे जाण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मग ह्यात वाईट काय? एक जुना मास्तर ह्या नात्याने मला त्यात दोन गोष्टी चिंतेच्या वाटतात.

पहिली अशी की, ह्या बाजारातून सर्वांआधी शिक्षक नाहीसा होतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन नावाचे विद्यापीठ आहे. यंत्रमानवाच्या विद्येसाठी ते जगप्रसिद्ध आहे. २०१५ साली उबर ह्या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीने तेथील एका संशोधनकेंद्रातून सुमारे चाळीस संशोधक व तंत्रज्ञ जवळजवळ एकाच वेळी उचलले. पुढे त्याच वर्षी कंपनीने विद्यापीठाला ५५ लाख डॉलरांची देणगी दिली. देणगी चांगलीच, परंतु देणगीने अध्यापकाची खुर्ची भरता येते, अध्यापक मिळेलच असे नाही. शेतकरी दुष्काळात पोटाला चिमटा घेतो, पण पेरणीसाठी राखलेल्या धान्याला हात लावीत नाही. कारण ते खाल्ले तर पुढल्या वर्षी पेरावयास काहीच उरत नाही. जो प्राध्यापक वर्षाला पंचवीस मुले घडवितो त्याला एका कंपनीने नेले म्हणजे तिला एक माणूस मिळतो, आणि देशाची दरसालची पंचवीस माणसे जातात. ही वजाबाकी कोणत्याही कंपनीच्या जमाखर्चात दिसत नाही.

दुसरी चिंता अशी की, ह्या झगमगाटाने सामान्य घरांची दिशाभूल होते. अलीकडे पालक मला वाटेत थांबवून विचारतात, ‘मास्तर, पोराला ए. आय. ला घालू का?’ त्यांना मी सांगतो की, ज्या वेतनाच्या वार्ता तुम्ही वाचता ती साऱ्या जगात मिळून मूठभर माणसांची आहेत. त्याच २०२५ सालच्या जुलै महिन्यात मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या नोकरांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक, माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कारण असे दिले की, लागणारी कौशल्ये आणि असलेली माणसे ह्यांचा मेळ बसत नाही. ज्या मेटाने उन्हाळ्यात मोठमोठ्या रकमा देऊन तज्ज्ञ जमविले, तिने ऑक्टोबरात त्याच खात्यातील सुमारे सहाशे माणसांना निरोप दिला. म्हणजे एका दाराशी पालखी उभी असते आणि दुसऱ्या दाराने माणसे बाहेर पडत असतात. ज्याला केवळ यंत्र चालविता येते तो ह्या दुसऱ्या दाराजवळ उभा असतो. यंत्र असेच का चालते हे ज्याला उमगलेले असते त्याच्यासाठी पालखी येते.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? लिलावात उतरून जिंकणे आपल्याला शक्य नाही, हे आधी स्वच्छ कबूल केले पाहिजे. भारत सरकारने २०२४ च्या मार्चात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाच वर्षांची जी योजना मंजूर केली तिची रक्कम १०,३७१ कोटी ९२ लाख रुपये आहे. २०२५ च्या जूनमध्ये मेटाने स्केल ह्या एकाच कंपनीचा ४९ टक्के हिस्सा १,४३० कोटी डॉलरांना घेतला आणि तिचे तरुण प्रमुख अलेक्झांडर वांग ह्यांना आपल्याकडे आणले. रुपयांत ही रक्कम १ लाख २० हजार कोटींच्या वर जाते. आपल्या साऱ्या देशाच्या पाच वर्षांच्या तरतुदीच्या दहापटीहून अधिक रक्कम एक कंपनी एका व्यवहारात खर्च करते! अशा ठिकाणी बोली लावणे हा आपला मार्ग नव्हे. माणसे घडविणे हा आहे.

हा मार्ग कल्पनेतला नाही. चीनमधील डीपसीक ह्या कंपनीने २०२५ च्या जानेवारीत जे यंत्र पुढे आणले त्याने अमेरिकेतील बड्या कंपन्या दचकल्या. ते घडविणारी माणसे बहुतांशी चिनी विद्यापीठांतूनच शिकून निघालेली तरुण मंडळी होती. इतके दूर जावयासही नको. १९८० नंतरच्या दशकात आपल्याला हवा तितका शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिका राजी नव्हती. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर ह्यांनी तिच्यात तरुण अभियंते जमविले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. बाजारात यंत्र मिळाले नाही, म्हणून ते घडविणारी माणसे तयार झाली. आज मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली ‘भारतजेन’ हा भारतीय भाषांच्या यंत्रांचा उपक्रम २०२४ पासून चालू आहे. त्याचे यशापयश काळ ठरवील. परंतु त्यात काम करणारे विद्यार्थी पुढे कोठेही गेले तरी काहिलीपाशी उभे राहून शिकलेले असतील, हा लाभ निश्चित आहे.

आणि माणूस केवळ पैशानेच येतो, असेही नाही. ह्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना काढावयाचे मनात आणले तेव्हा खाजगी कारखानदारांच्या तोडीचे भांडवल त्यांच्याजवळ नव्हते. तरीही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांच्यासारखा नामांकित अर्थशास्त्रज्ञ त्या कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. गाडगीळांना तेथे बोली लावून कोणी आणले नव्हते. आपल्या विद्येचा येथे खरा उपयोग होईल, आपले म्हणणे लोक ऐकतील, आणि आपल्यानंतरही हे काम टिकेल, एवढी खात्री त्यांना तेथे मिळाली. चारशे वर्षांपूर्वी नगरातून फरिश्ता गेला, कारण ही खात्री त्याला तेथे उरली नव्हती. आणि गूगलचा लिलाव अर्ध्यावर थांबविणाऱ्या हिंटन ह्यांनीही तिचाच शोध घेतला होता.

म्हणून ह्या बाजारापासून आपण घ्यावयाचा बोध मला असा दिसतो. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यानंतर लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण घेण्यासाठी आपल्या मुलांना जिल्हा सोडावा लागत नाही. इमारती झाल्या, गणकयंत्रे आली. आता प्रश्न शिकविणाऱ्याचा आहे. त्याला वेळेवर आणि पोटापुरते नव्हे तर मानाने राहता येईल इतके वेतन द्यावे, त्याच्या डोक्यावरचा कागदपत्रांचा भार हलका करावा, त्याला स्वतः प्रयोग करावयास यंत्र आणि वेळ द्यावा. कंपन्यांत काम केलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस तरी आपल्या जुन्या महाविद्यालयात येऊन शिकवावे. आणि घरी पालकांनी मुलाच्या मागे लागावयाचे तर वेतनाच्या आकड्यासाठी नव्हे, गणिताच्या पायासाठी लागावे. भूमिती, बीजगणित, संभाव्यता, आणि आपला विचार स्वच्छ मांडता येईल अशी भाषा, ह्या गोष्टी शाळेतच पक्क्या होतात. त्या पक्क्या असल्या की पुढे कोणती विद्या बाजारात आली तरी ती हस्तगत होते. आज जिच्यासाठी पालख्या धावत आहेत त्या विद्येची जागा उद्या दुसरी विद्या घेईल. पाया मात्र बदलत नाही.

जगातील श्रीमंत कंपन्या आपली माणसे नेतील, आणि त्यांनी न्यावीतही. गेलेला मुलगा नाव काढतो तेव्हा गावाला आनंदच होतो. परंतु एक गेला की त्याच्या जागी चार उभे राहतील, अशी शाळा ज्या गावात आहे त्या गावाला पळवापळवीचे भय वाटावयाचे कारण नाही. अशा शाळेसाठी लागणारा खर्च कोणत्याही लिलावातील बोलीहून पुष्कळ कमी आहे, आणि तो करणे आपल्या हाती आहे.